साडूभाऊंचा वाऱ्याचा नकाशा

माझ्या साडूचा मला पहिल्यापासून राग. कोणी म्हणेल, काऊन बाप्पा, त्यानं तुझं काय बिघडवलं? काहीच नाही बिघडवलं, हेच तर दुखणं! त्यानं एकदा शिवी दिली असती, कोणाच्या लग्नात पिऊन गोंधळ घातला असता, तर मला केवढं बरं वाटलं असतं. पण गडी इतका सज्जन की बघूनच चीड यावी. मोठ्यांच्या पाया पडणार, लहानांना 'अहो' म्हणणार, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलणार. आता जावयानं ताट उचलायचं असतं का? तो उचलायचा, मग मलाही उचलावं लागायचं.

आमची सासुरवाडी लोधीखेड्याची. दोन बहिणी, मोठी माझ्या घरात, धाकटी त्याच्या. तो नागपूरला एका कंपनीत इंजिनीअर. कारखान्यातून विषारी वायू फुटला तर तो कुठल्या बाजूला जाईल, किती दूर जाईल, कोणाला बाधेल, हे कॉम्प्युटरवर काढून द्यायचं, हे त्याचं काम. आणि मी? सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्याचं एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथं मी अमोनियाचा प्लांट चालवायचो. म्हणजे तो ज्या वायूचं चित्र काढायचा, तो वायू रोज माझ्या नाकात असायचा. पण सासूबाई पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायच्या, "हे आमचे इंजिनीअर जावई," आणि माझ्याकडं हात करून, "हे गॅसवाले." सिलिंडर घेऊन दारोदार फिरतो की काय, असं समोरच्याला वाटायचं.

अमोनिया म्हणजे काय ते थोडं सांगतो. कोल्ड स्टोरेजची थंडी त्याच्यामुळं. नळ्यांमधून फिरतो तोवर गरीब गाय, बाहेर आला की डोळे, नाक, घसा, काही सोडत नाही. बावीस वर्षं मी त्याच्यासोबत काढली. कुठं बारीकशी गळती असली तर गंधकाची वात पेटवून नळीजवळ न्यायची. गळती असली की पांढरा धूर उठतो. मला बहुतेक वेळा वातही लागायची नाही. दारातून आत पाय टाकला की मी सांगायचो, दोन नंबरच्या कॉम्प्रेसरकडं बघा रे. शेटजी म्हणायचे, याचं नाक म्हणजे मशीन आहे. हे एवढंच कौतुक माझ्या वाट्याला, आणि ते मी जपून ठेवलं होतं.

माझी बायकोही तिथंच कामाला. आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतर निघणारी, संत्री आली की अंगणात ताडपत्र्या पसरून बाया छटाईला बसत. मोठी एकीकडं, लहान एकीकडं, डागी वेगळी. त्या सगळ्या बायांची ही मुकादम. आवाज असा खणखणीत की रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं हॉर्न द्यायचं थांबवावं. सकाळी सातला छटाई सुरू व्हायची, कारण दहाला गाडी निघायची.

तर एका वर्षी शेटजींना कळलं, परवान्यासाठी नवा कागद लागणार आहे. गॅस फुटला तर माणसं कुठं पळतील, कुठं जमतील, त्याचा पूर्ण आराखडा, कॉम्प्युटरवरून काढलेला. मी म्हटलं, शेटजी, मी सांगतो ना कुठं पळायचं. ते म्हणाले, "अरे बाबा, तुझं नाक कागदावर चिकटवता येत नाही." आणि घरी जेवताना मी हे बोललो, ते माझंच तोंड जळो, कारण बायकोनं लगेच फोन उचलला. "कंपनी कशाले शोधता जी? आपले जावई काय करून राहिले मंग?"

आले जावई. मोटार अंगणात लावली, आधी छटाईच्या बायांना नमस्कार केला, मग माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतला तरी पडलाच. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर पांढरं हेल्मेट. माझं हेल्मेट बावीस वर्षांत एवढं पांढरं कधी नव्हतं. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक तर सरळ म्हणाली, "बाई, तुये जावई तं लय सोज्वळ दिसून राहिले." आणि माझी बायको लाजली! माझ्यासाठी ही लग्नातसुद्धा लाजली नव्हती.

दोन दिवस तो मोजमाप घेत फिरला. टाकी किती मोठी, नळी किती जाड, भिंत किती उंच. तिसऱ्या दिवशी शेटजींच्या खोलीत त्यानं पडद्यावर चित्र दाखवलं. मधोमध आमचं कोल्ड स्टोरेज, आणि तिथून निघालेला एक लांबुळका डाग. आत लाल, मग नारिंगी, कडेला पिवळा. वारा छिंदवाड्याच्या अंगानं येतो, म्हणून डाग नागपूरच्या अंगाला पसरलेला. मागच्या बाजूला, म्हणजे नाल्याकडं, सगळं हिरवंगार. नाल्याच्या काठी एक मोठी चिंच आहे. तिच्याखाली त्यानं हिरवा ठिपका ठेवला होता. भोंगा वाजला की सगळ्यांनी इथं जमायचं.

शेटजी "वा, वा" करत होते. मी तो ठिपका बघत होतो आणि माझ्या मनात काय आलं, ते खरं सांगतो. मला लगेच कळलं की हे चुकलं आहे. आणि मला आनंद झाला.

चुकलं कसं, तर असं. दुपारी वारा छिंदवाड्याकडून येतो, कबूल. पण थंडीच्या दिवसांत सकाळी सात-आठला आमच्याकडं वारा नसतोच. झाडाचं पान हलत नाही. बाया हात शेकायला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, शेकोटी पेटवायच्या, त्याचा धूर वर जायचा नाही. दोन हात उठायचा, मग आडवा व्हायचा आणि अंगणाच्या उतारावरून हळूहळू नाल्यात उतरायचा. जिथं पाणी जाईल तिथं तो. नाल्यात जाऊन चिंचेखाली साचायचा आणि ऊन चढेपर्यंत तिथून हलायचा नाही. आणि अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो, हे पुस्तकात खरं. पण टाकीतून पातळ अमोनिया फुटून आला की तो इतका गार असतो की धुक्यासारखा जमिनीला धरून सरकतो. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता गंमत अशी की साडूलाही याची शंका होती. त्या दिवशी चहाच्या वेळी तो मुद्दाम माझ्याकडं प्लांटमध्ये आला. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट तुमच्याजवळ बोलतो. हे चित्र दिसतं तेवढं शहाणं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे याच्या गणितात वाऱ्याच्या वेगानं भागावं लागतं. वारा चांगला वाहत असला तर उत्तर बरं येतं. वारा पडला की भागायचं कशानं? उत्तर भलतंच येतं, म्हणून आम्ही थोडा तरी वारा आहे असं धरूनच चालतो. दुसरं, याला जमीन सपाट वाटते. नाला, उतार, भिंत, काही दिसत नाही. हवामान टाकलं ते नागपूरचं, कारण इथं मोजणारं यंत्रच नाही. मोठे कारखाने याच्यापेक्षा भारी गणित वापरतात, पण शेटजींना हेच परवडतं. आणि त्यालाही इथली सकाळ कोणीतरी सांगावीच लागते." मग त्यानं फाइलचं शेवटचं पान उघडलं. वर छापलं होतं, 'स्थानिक माहिती', आणि खाली पूर्ण कोरं. "हे तुमच्यासाठी ठेवलं, भाऊ. इथली हवा कोणत्या वेळी कशी वागते ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? तुम्ही लिहा, मी त्याप्रमाणे ठिपका हलवतो. खाली तुमची सही लागेल."

आता कोणीही म्हणेल, असा माणूस समोर बसला असता तर आपण भडाभडा सांगून मोकळे झालो असतो. मीही सांगणार होतो, देवाशपथ. पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. साडूला कपबशी, मला स्टीलचा गिलास. कपबशी आमच्याकडं एकच होती, हे मलाही माहीत आहे. पण ती द्यायची कोणाला? ठेवता ठेवता ही हसून म्हणाली, "यायले काय विचारता जावईबापू? यायले नाकाच्या पुढचं काही समजते का?"

थट्टाच होती. रोजची थट्टा. एरवी मीही उलटून काही बोललो असतो. पण त्या वेळी साडू हसला नाही. उलट मान हलवून म्हणाला, "असं नका म्हणू ताई, भाऊंचा अनुभव फार मोठा आहे." लागलं बघा तिथं! माझ्या बायकोच्या थट्टेपासून मला वाचवणारा तू कोण? मला चहा कडू लागला. मनात म्हटलं, घे तुझं हिरवं चित्र आणि बस. मी त्या पानावर लिहिलं, 'विशेष काही नाही', आणि खाली झोकात सही ठोकली.

त्यानं पान वाचलं. पेन परत माझ्यापुढं धरलं. "नक्की ना, भाऊ?"

"नक्की."

माझा हिशेब सोपा होता. पुढच्या आठवड्यात सरकारी साहेबांसमोर सराव होणार होता. सरावात सकाळी, छटाईच्या वेळी, धुराचे डबे फोडणार, धूर चिंचेखाली जाणार, साडूची सगळ्यांसमोर फजिती होणार, आणि मग मी खाकरून पुढं होणार. काय बोलायचं तेही मी पाठ करून ठेवलं होतं.

सराव ठेवला दुपारी तीनला, साहेबांच्या सोयीनं. मस्त वारा सुटलेला. धूर निघाला तो शहाण्या पोरासारखा सरळ नागपूरच्या अंगाला गेला, पडद्यावर दाखवला तस्सा. बाया पदर खोचून चिंचेखाली धावल्या, हसत-खिदळत, माझी बायको सगळ्यात पुढं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साडूच्या गळ्यात हार पडला, तो त्यानं काढून माझ्या गळ्यात घातला. तो हार मी घरी जाताना रस्त्यात गाईला खाऊ घातला.

त्यानंतर सांगायला हवं होतं. हेच सांगा तुम्ही मला, सांगायला काय लागत होतं? एक फोन. पण सांगायचं म्हणजे पहिल्यांदा खोटं लिहिलं हे कबूल करायचं, तेही त्याच्यापुढं. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी गेली. दिवाळीत लोधीखेड्याला सासूबाईंनी त्याला पहिलं ताट वाढलं, तेव्हा तर म्हटलं, आता मरेपर्यंत सांगत नाही. बावीस वर्षांत मोठी गळती दोनदाच, आणि दोन्ही वेळा अंगणात कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा कशाला होते?

जानेवारीत झाली. शनिवार होता, जामसावळीच्या मारुतीला पायी जाणारी माणसं रस्त्यानं चालली होती. सकाळचे साडेसात असतील. मी कॉम्प्रेसरजवळ होतो आणि टाकीच्या बाजूनं फस्स आवाज आला. टाकीत अमोनिया किती आहे ते दाखवणारी काचेची नळी फुटली होती. भोंगा दाबला, मास्क चढवला आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला आत गेलो. चाक गच्च बसलेलं. दोन्ही हातांनी लटकलो तेव्हा कुठं फिरलं. पाच-सात मिनिटं गेली असतील, त्याच्यापेक्षा जास्त नाही.

बाहेर आलो. अंगण मोकळं. ताडपत्रीवर संत्री तशीच पडलेली. आणि पांढरं धुकं गुडघ्याएवढ्या उंचीनं उतारावरून नाल्यात उतरत होतं, अगदी शांत. पान हलत नव्हतं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? मला लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, बघ! म्हटलं होतं ना! असं मी कोणालाच म्हटलं नव्हतं, तरी मनात तेच आलं. एक क्षण मी जिंकलो होतो. मग नाल्याकडून खोकण्याचा आवाज आला.

धावलो. चिंचेखाली सगळ्या बाया होत्या, जमायला सांगितलं होतं तिथं, शिकवलं होतं तशाच. काही खाली बसलेल्या, कारण श्वास लागला की माणूस बसतो, आणि तिथं बसणं सगळ्यात वाईट. बायको उभी होती, बाकीच्यांना हातानं ओढत होती, आणि ओरडायला तोंड उघडत होती, पण आवाज येत नव्हता. मी नाल्याच्या पाण्यात पदर बुडवायला लावले, तोंडावर धरायला लावले आणि एकेकीला वर रस्त्यावर काढलं. जामसावळीला निघालेली माणसं नवस विसरून खाली उतरली, त्यांनी उचलल्या. देवानं केलं, कोणी दगावलं नाही. दोघींना नागपूरला न्यावं लागलं. त्यातली एक माझी बायको.

दवाखान्यात साडू आमच्याआधी पोचला होता. आठ दिवस रोज आला, आणि एकदाही बसला नाही, उभाच असायचा. चौकशीला साहेब आले तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, "चूक माझ्या आराखड्याची आहे." मी बाजूला उभा. आता फाइल उघडेल, आता ते पान दाखवेल, म्हणून मी त्याच्या हाताकडं बघत होतो. त्यानं फाइल उघडलीच नाही. सगळे गेल्यावर मला म्हणाला, "भाऊ, मी एकदा तरी सकाळी सातला येऊन अंगणात उभं राहायला हवं होतं. तुम्हाला कागद देऊन मी मोकळा झालो. असं करायचं नसतं." बस. एवढंच. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मला तेव्हाही त्याचा हेवाच वाटला. चूक माझी, आणि मोठेपणा तिथंही त्याच्याच पदरात!

मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. शेटजी, छटाईच्या बाया, लोधीखेड्याची माणसं. "कॉम्प्युटरवाल्यानं बाया मारल्या असत्या," असं चौकात बोलू लागले. त्याचं नागपूरचं काम सुटलं. सासूबाई मला हाताला धरून म्हणाल्या, "तुमी होते म्हणून माही पोरगी वाचली, नाईतं त्या शहाण्यानं..." आयुष्यभर जे ऐकायला मी तरसलो होतो, ते सगळं ऐकायला मिळालं. आणि मी मान डोलवत ऐकत राहिलो.

फेब्रुवारीत बायकोला घरी आणलं. आवाज गेलाच. बोलली तर घासल्यासारखा, जवळ बसलं तरच ऐकू येणारा. एका दुपारी ती अंगणात उन्हाला बसली होती आणि बहिणीच्या नवऱ्याला नावं ठेवू लागली. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. कोरं पान, कपबशी, सरावाचं पाठ केलेलं बोलणं, सगळं. वाटलं, आता ही ताडकन उठेल, माहेरी निघून जाईल. गेली असती तर बरं झालं असतं.

ती उठली नाही. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी भोंगा वाजला ना, तवा मी बायाईले वरती रस्त्याकडं घेऊन चालली होती."

मी म्हटलं, "काय?"

"हाव जी. शेकोटीचा धूर नाल्यात जाते, हे आमाले रोज दिसत नव्हतं का? एक म्हणे वर चला, दुसरी म्हणे वर चला. जावईबापूच्या चित्रावर कोण भरोसा ठेवते? ते दोन दिवसाचे पाहुणे." ती थांबली, दम घेतला. "मंग मलेच आठवलं, त्या कागदावर तुमची सही हाय, माह्या डोळ्यादेखत केली. म्हटलं, यायले आपल्यापेक्षा जास्त समजते. यायनं सही केली तं विचार करूनच केली असन. म्हणून मीच माघारी फिरवलं सगळ्याईले. नाल्याकडं."

एवढं बोलून तिला ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेलो.